'पद्धतच आहे ती': समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र यांचं जुनं नातं



मागच्या दोन व्याख्यानांत आपण कांट आणि मिल यांच्याविषयी बोललो. प्रश्नोत्तरांच्या शेवटी एका श्रोत्यांची चिठ्ठी माझ्याकडे आली होती. तीत लिहिलं होतं की, योग्य काय आणि अयोग्य काय हे माणूस घरात, शाळेत, जातीत, गावात शिकतो. मग हा विषय तत्त्वज्ञानाकडे कशाला ठेवायचा, समाजशास्त्राकडे देऊन टाका की! वेळ संपली होती, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. आज तेच बघायचं आहे. चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ आले असतील तर त्यांचे आभार, कारण ही चिठ्ठी त्यांना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. युरोपात ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिली गेली, आणि तिच्यावरून पुष्कळ वाद झाले.

आधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, मग इतिहासाकडे वळतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढलो. आमच्या मागच्या दारी गोवऱ्या घेऊन एक बाई यायच्या. आई त्यांना चहा द्यायची. त्यांचा कप वेगळा होता, कान तुटलेला, आणि तो दाराबाहेर वळचणीला ठेवलेला असे. आई वरून चहा ओतायची. त्या प्यायच्या, कप स्वतः विसळायच्या आणि परत तिथेच ठेवायच्या. आता माझी आई दुष्ट होती का? अजिबात नाही. त्या बाई आजारी पडल्या तेव्हा आईने महिनाभर त्यांच्या घरी धान्य पाठवलं होतं. पुढे मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं, डोक्यात थोडे वारे शिरले आणि सुट्टीत घरी आल्यावर आईला विचारलं, 'हे चूक आहे असं तुला वाटत नाही का?' आई म्हणाली, 'अरे, पद्धतच आहे ती. मी काय सुरू केली का?'

या उत्तराने मी गप्प झालो. खरं तर पन्नास वर्षं मी या उत्तराशी भांडतो आहे. कारण बघा, आईचं म्हणणं समाजशास्त्र म्हणून शंभर टक्के बरोबर होतं. ती पद्धत तिने सुरू केली नव्हती, तिच्या जन्माआधीपासून होती आणि ती मोडली असती तर शेजारपाजारच्यांनी तिला बोल लावला असता. आणि तरीही माझ्या मनातलं 'हे चूक आहे' काही जाईना. एक विधान काय आहे ते सांगतं, दुसरं काय असायला हवं ते सांगतं. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हाच आजचा विषय.

एका घरातले दोघे

आज विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग एका मजल्यावर असतो आणि तत्त्वज्ञानाचा दुसऱ्या. दोघांच्या वाचनालयाची कपाटंसुद्धा वेगळी. पण अठराव्या शतकात हे एकाच घरात राहत होते. अॅडम स्मिथ आपल्याला अर्थशास्त्राचे जनक म्हणून माहीत आहेत. १७५२ ते १७६४ या काळात ते ग्लासगो विद्यापीठात ज्या पदावर होते, ते पद नैतिक तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं होतं. त्यांच्या व्याख्यानांत ईश्वरविचार, नीती, कायद्याचा पाया आणि व्यापार-कर-संपत्ती हे सगळं एकामागून एक येत असे. १७५९ साली त्यांनी नैतिक भावनांवरचा ग्रंथ लिहिला आणि १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स'. त्यांना हे दोन वेगळे विषय वाटत नव्हते. एडिंबरोमध्ये अॅडम फर्ग्युसन हेही नैतिक तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक. त्यांनी १७६७ साली नागरी समाजाच्या इतिहासावर निबंध लिहिला. माणूस कळपाने राहणारा प्राणी आहे, त्याच्या संस्था कुणी एकाने आराखडा काढून बांधलेल्या नाहीत, असं ते म्हणत होते. म्हणजे समाजशास्त्र हे नाव जन्माला येण्याआधी त्याचं काम नीतीचे प्राध्यापक करत होते.

त्याच स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ह्यूम यांनी १७४० साली एक छोटासा खडा टाकून ठेवला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. लेखक बराच वेळ 'असं आहे, तसं आहे' म्हणत जातात आणि मग हळूच 'असं असायला हवं' म्हणू लागतात. ही उडी कुठे मारली, ते कुणी सांगत नाही. 'आहे' मधून 'असावं' आपोआप निघत नाही. हा खडा लक्षात ठेवा, तो पुढे प्रत्येकाच्या पायाला टोचणार आहे.

समाजशास्त्र हा शब्द फ्रान्सच्या ओग्युस्त काँत यांनी १८३९ साली छापील स्वरूपात आणला. त्यांनी विज्ञानांची एक उतरंड रचली. तळाशी गणित, मग खगोल, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि सगळ्यांत वर समाजशास्त्र. गंमत अशी की, उतारवयात त्यांना समाजशास्त्र शेवटचं वाटेना. त्याच्याही वर त्यांनी सातवं विज्ञान बसवलं, ते म्हणजे नीतीचं! ज्याने समाजशास्त्राचं बारसं केलं, त्यालाच नीतीशिवाय घर पुरं वाटलं नाही. इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्पेन्सर यांनी उत्क्रांतीच्या सूत्रात समाजही बसवला आणि नीतीही. १८७९ साली त्यांचं 'डेटा ऑफ एथिक्स' आलं. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर मन लावून वाचले होते. रूढी ही ईश्वराने दिलेली नाही, ती काळाच्या ओघात घडत गेली आहे आणि म्हणून ती तपासता येते, हा विचार महाराष्ट्रात रुजला त्यात या वाचनाचा वाटा आहे.

दुर्खीम यांचा प्रयत्न

पण या नात्याचा खरा कस ज्याने लावला तो माणूस म्हणजे एमिल दुर्खीम. आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे डरखाइम लिहितात, कुठे दर्खीम. नाव काहीही म्हणा, विद्यार्थ्याला परीक्षेपुरता तो 'आत्महत्येवर लिहिणारा' म्हणून ठाऊक असतो. तो मुळात कोण होता? १८५८ साली फ्रान्सच्या पूर्वेकडच्या एपिनाल गावी जन्मलेला, एका रब्बीचा मुलगा. शिक्षण तत्त्वज्ञानाचं. १८८२ पासून तो शाळांतून तत्त्वज्ञानच शिकवत होता. १८८५-८६ मध्ये तो जर्मनीत जाऊन आला आणि तिथे नीतीचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने कसा चालला आहे यावर त्याने लेख लिहिला. १८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात त्याला नोकरी मिळाली, शिक्षणशास्त्र आणि समाजविज्ञान शिकवण्याची.

१८९३ सालचा त्याचा प्रबंध श्रमविभाजनावर आहे. नाव वाचून वाटतं अर्थशास्त्राचं पुस्तक असेल. उघडून बघा. पहिल्याच पानापासून तो सांगतो की, नैतिक जीवनातल्या वस्तुस्थितीचा विज्ञानाच्या रीतीने अभ्यास करण्याचा हा प्रयत्न आहे. विज्ञानातून नीती काढायची नाही, नीतीचं विज्ञान करायचं, असा त्याचा आग्रह आहे. आणि लगेच तो हेही म्हणतो की, या अभ्यासाचा जगण्याला काही उपयोग नसेल तर त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. म्हणजे बघा, एकाच प्रस्तावनेत दोन्ही टोकं आहेत.

हा अभ्यास करायचा कसा? नीती तर डोळ्यांना दिसत नाही. दुर्खीमची युक्ती अशी की, कायदा बघा, तो दिसतो. एखाद्या समाजात कोणती कृत्यं घडली की लोक चवताळतात आणि शिक्षा देतात, कोणत्या ठिकाणी नुसती भरपाई करून घेतात, यावरून त्या समाजाला काय बांधून ठेवतं ते कळतं. जिथे सगळे सारखे जगतात, सारखं मानतात, तिथे वेगळं वागणं हाच गुन्हा, आणि शिक्षा कडक. जिथे कामं वाटली गेली आहेत आणि शिंप्याला सुताराची गरज आहे, वकिलाला डॉक्टरची, तिथे करारमदार आणि भरपाईचे कायदे वाढतात. पहिल्या प्रकारच्या ऐक्याला त्याने यांत्रिक म्हटलं, दुसऱ्याला सेंद्रिय. माणसं एकमेकांवर अवलंबून राहू लागली की नीती संपत नाही, तिचा प्रकार बदलतो, हा त्याचा निष्कर्ष. १८९७ च्या आत्महत्येवरच्या ग्रंथातही प्रश्न हाच आहे. प्रॉटेस्टंटांमध्ये प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त का, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त का? माणसाला धरून ठेवणारे धागे कुठे विरले, हे तो आकड्यांतून शोधत होता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं 'आहे'च झालं. 'असावं' कुठे आलं? तर ते आलं १८९८ मध्ये, आणि पुस्तकातून नाही, रस्त्यावरून आलं.

द्रेफ्यूस प्रकरण

आल्फ्रेड द्रेफ्यूस हा फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी. १८९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून त्याला दोषी ठरवलं. पुरावा खोटा होता, हे हळूहळू बाहेर येऊ लागलं. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला यांचं राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं अनावृत पत्र वर्तमानपत्रात आलं आणि फ्रान्स दुभंगला. घराघरांत भांडणं. एका बाजूचं म्हणणं असं की, एक माणूस निर्दोष असेलही, पण त्याच्यासाठी सैन्याची, न्यायसंस्थेची, देशाची अब्रू चव्हाट्यावर आणायची का? ब्रुनेतिएर नावाच्या नामवंत समीक्षकाने लिहिलं की, हे बुद्धिजीवी लोक व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली समाजाची वीण उसवत आहेत.

आता विचार करा. जो प्राध्यापक दहा वर्षं शिकवत आला की नीती समाजातून येते, समाजाचं ऐक्य हा नीतीचा गाभा आहे, तो कुठल्या बाजूला जायला हवा? वरवर पाहता ब्रुनेतिएरच्या. पण दुर्खीम द्रेफ्यूसच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने उत्तर लिहिलं. त्याचा युक्तिवाद नीट ऐका, कारण आजच्या व्याख्यानाची किल्ली त्यात आहे. तो म्हणतो, आधुनिक समाजात लोकांचे धर्म वेगळे, धंदे वेगळे, मतं वेगळी. मग सगळ्यांना समान असं उरलं काय? आपण सगळे माणसं आहोत, एवढंच. म्हणून माणूस म्हणून माणसाची प्रतिष्ठा ही या समाजाची पवित्र वस्तू झाली आहे, जुन्या समाजात देवाची मूर्ती असायची तशी. तेव्हा एका निरपराध माणसाचा बळी देऊन समाज वाचवू पाहणारे लोक समाज ज्याच्यावर उभा आहे तोच दगड काढून घेत आहेत.

हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. द्रेफ्यूसचा बचाव त्याने दयेच्या नावाने केला नाही. या समाजाची घडण काय आहे हे दाखवून, त्या घडणीशी काय सुसंगत आणि काय विसंगत, असं त्याने विचारलं. द्रेफ्यूसला १९०६ साली पूर्ण निर्दोष ठरवण्यात आलं. पण ह्यूमचा खडा? तो आहेच जागेवर. समाजाची घडण अशी आहे हे मान्य. पण ती तशीच टिकावी हे कशावरून?

सॉक्रेटिसचा प्रश्न

१९०३ साली ल्युसियाँ लेव्ही-ब्रूल यांचं नीती आणि रीतींचं विज्ञान या विषयावरचं पुस्तक आलं. हेही मूळचे तत्त्वज्ञानाचेच. त्यांनी सरळ सांगून टाकलं की, तत्त्वज्ञ ज्याला नीतीचा सिद्धान्त म्हणतात ते म्हणजे त्यांच्या काळातल्या रूढ नीतीलाच दिलेली तात्त्विक मांडणी असते. गंमत बघा, सगळ्या तत्त्वज्ञांचे पाये वेगवेगळे, पण शेवटी उपदेश सारखाच. तेव्हा पाये शोधणं सोडा, रीतींचा अभ्यास करा. आपल्या चिठ्ठीवाल्या गृहस्थांचं म्हणणं जवळजवळ हेच.

तत्त्वज्ञ चिडले. १९०६ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान परिषदेपुढे दुर्खीमने नीतीच्या स्वरूपावर आपला निबंध मांडला आणि चर्चा झाली. तिथे त्याने कांटला अर्धा मान दिला. नैतिक नियम बंधन घालतो, हे कांटचं बरोबर. पण नुसत्या बंधनाने माणूस वागत नाही. तो नियम आपल्याला हवासाही वाटतो, त्याच्याकडे ओढ असते. बंधन आणि ओढ दोन्ही एकाच ठिकाणाहून यायच्या तर ते ठिकाण आपल्यापेक्षा मोठंही हवं आणि आपल्या आतही हवं. ते म्हणजे समाज. भाषा बघा ना. ती मी निर्माण केली नाही, ती माझ्यावर नियम लादते, पण तीच माझ्या आत आहे आणि तिच्याशिवाय मी मीच नसतो. भाषेचं उदाहरण माझं आहे, पण मुद्दा त्याचा.

त्यावर प्रश्न आला, आणि तो यायलाच हवा होता. नीती समाजाकडून येत असेल तर समाजाविरुद्ध उभं राहणारा माणूस नेहमी चूकच का? दुर्खीमचं उत्तर सॉक्रेटिसचं आहे. अथेन्सच्या कायद्याने सॉक्रेटिस गुन्हेगार होता. पण अथेन्सचा समाज आतून बदलला होता, जुनी नीती त्याला पुरेनाशी झाली होती, आणि नव्या परिस्थितीला साजेशी नीती त्याच्या न्यायाधीशांपेक्षा सॉक्रेटिसने जास्त ओळखली होती. म्हणजे बंडखोराला दाद मागता येते, पण ती स्वतःच्या मर्जीच्या नावाने नाही. समाज स्वतःला जसा समजतो त्याच्याविरुद्ध, तो खरोखर जसा आहे किंवा होऊ घातला आहे, त्याच्याकडे दाद मागायची.

हे उत्तर हुशारीचं आहे. पण पुरेसं आहे का? समाज उद्या वाईटाकडे वळू घातला असेल तर? तेव्हा 'होऊ घातलेल्या' समाजाकडे दाद मागून काय मिळणार? ही शंका काल्पनिक राहिली नाही. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं. दुर्खीमने १९१५ मध्ये एक पुस्तिका लिहिली, आणि राज्यसत्ता ही नीतीच्या वर आहे, असं म्हणणाऱ्या जर्मन इतिहासकार ट्राइट्श्के यांच्यावर टीका केली. राज्यापेक्षा माणुसकी मोठी, असं तो तिथे सांगतो. मला ते पटतं. पण मी जुना मास्तर आहे, मला विचारावंसं वाटतं, दुर्खीमसाहेब, ही माणुसकी कुठल्या समाजाची? अख्ख्या मानवजातीचा समाज तर अजून बनलेला नाही. न बनलेल्या समाजाची नीती तुम्ही कुठून आणलीत?

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा एकुलता मुलगा आंद्रे बाल्कन आघाडीवर गेला. त्याचे अनेक विद्यार्थीही युद्धात गेले. दुर्खीम त्यातून सावरला नाही. अखेरच्या दिवसांत तो नीतीवरच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना लिहीत होता. तो ग्रंथ पुरा झाला नाही. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो वारला. ती अपुरी प्रस्तावना त्याचा भाचा मोस याने १९२० मध्ये छापली.

त्याच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी, ७ नोव्हेंबरला, म्युनिकमध्ये माक्स वेबर विद्यार्थ्यांपुढे बोलत होते. विषय होता, विज्ञान हा पेशा. त्यांचं उत्तर दुर्खीमच्या अगदी उलट. कसं जगावं, काय करावं, हे विज्ञान सांगू शकत नाही. तुम्ही अमुक उद्दिष्ट ठरवलंत तर त्याला अमुक किंमत मोजावी लागेल, एवढं ते सांगेल. निवड तुमची. वर्गात प्राध्यापकाने प्रेषित होऊ नये. वेबर यांनी ह्यूमचा खडा अंगठीत जडवून बोटात घातला, असं म्हणा हवं तर! त्यानंतर पुष्कळ वर्षं समाजशास्त्रज्ञांनी मूल्यनिरपेक्षता हे व्रत मानलं, आणि मजले वेगळे झाले.

१९८९ साली झिग्मुंट बाउमन यांनी ज्यूंच्या संहारावरच्या पुस्तकात दुर्खीमला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. संहार करणारे आपल्या समाजाचे नियम पाळत होते. समाज हाच नीतीचा उगम असेल तर त्यांना अनैतिक म्हणायला जागा कुठे उरते? बाउमन यांचं म्हणणं असं की, समोरच्या माणसाबद्दलची जबाबदारी ही समाजाच्या आधीची आहे; समाज ती फुलवू शकतो, तशीच दाबूही शकतो. बाउमन स्वतः समाजशास्त्रज्ञ होते, हे लक्षात घ्या.

इकडे आपल्याकडे

आता मुंबईकडे या. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडेस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पुढे घुर्ये यांनी तो वाढवला. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि मग घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राकडे वळल्या. 'युगान्त' वाचताना हे जाणवतं. नातेसंबंधांची रचना दाखवता दाखवता त्या पात्रांना जाबही विचारतात.

पण आजच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारं काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो निबंध शुद्ध समाजशास्त्र आहे. जातीचं मूळ लक्षण म्हणजे गटातच लग्न, आणि ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा कशा उपयोगी पडल्या, हे ते थंड डोक्याने दाखवतात. जात पसरली कशी? अनुकरणाने. तिथे ते गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतात. तार्द म्हणजे फ्रान्समध्ये दुर्खीमचे कडवे प्रतिस्पर्धी! आणि मनूने जात निर्माण केली नाही, ती त्याच्या आधीपासून होती, कुणी एक माणूस एवढी मोठी गोष्ट समाजावर लादू शकत नाही, असंही ते म्हणतात. म्हणजे माझ्या आईचंच उत्तर, मोठ्या अभ्यासाने दिलेलं. 'मी काय सुरू केली का?' नाही, आई, तू नाही केलीस. मनूनेही नाही केली.

मग कुणालाच दोष नाही का? तर तसं नाही. अकरा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, तेच आंबेडकर महाडला चवदार तळ्यावर उभे आहेत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ सालीच केला होता. कागदावर तळं खुलं होतं. रूढीने ते बंद होतं. दुर्खीमच्या भाषेत बोलायचं तर समाजाची एक नीती कायद्यात पुढे गेली होती आणि दुसरी काठावर बसून राहिली होती. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. आता इथे जरा थांबा. मनूने जात सुरू केली नाही, असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्याच परिषदेत मनुस्मृती का जळते? विसंगती आहे का? मला वाटतं, नाही. कारण सुरू कुणी केलं हा एक प्रश्न आणि तिला पावित्र्य कोण देतं हा दुसरा. पहिल्याला समाजशास्त्र उत्तर देतं. दुसरा प्रश्न ओळखायलाही समाजशास्त्र लागतं. पण त्या पावित्र्याला नकार देणं हे नैतिक कृत्य आहे.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथे होऊ न शकलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं, 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात ते फार मोठ्या मनाचं एक निरीक्षण करतात. लोक जात पाळतात ते ती माणसं क्रूर असतात म्हणून नाही, ती धर्मनिष्ठ असतात म्हणून पाळतात. तेव्हा लढायचं त्या माणसांशी नाही, त्यांना हे शिकवणाऱ्या शास्त्रांच्या अधिकाराशी. आणि पुढे ते नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगतात. नियम सांगतो, हे असंच कर. तत्त्व सांगतं, हे कसोटीला लावून बघ. नियमाने वागणाऱ्याला जबाबदारी येत नाही, तत्त्वाने वागणाऱ्याला येते. हा विचार त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांच्याशी नातं सांगणारा आहे, आणि ड्यूई यांनी १९०८ साली टफ्ट्स यांच्याबरोबर नीतिशास्त्राचा ग्रंथ लिहिला होता.

चिठ्ठीला उत्तर

तर चिठ्ठीवाल्या गृहस्थांना माझं उत्तर असं. विषय समाजशास्त्राकडे देऊन टाका म्हणालात, त्यातलं अर्धं मी मान्य करतो. आम्ही तत्त्वज्ञानवाले अनेकदा हवेत नीती शिकवतो. खरं बोलावं की नाही यावर तासभर बोलतो, पण गावातल्या सावकारापुढे कुळाला खरं बोलणं परवडतं का, हे विचारत नाही. कुठली रूढी कशावर उभी आहे, ती कुणाला सोयीची आहे, ती मोडणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे कळल्याशिवाय दिलेला नैतिक निकाल उथळ असतो. मी आईला सुट्टीत येऊन प्रश्न विचारला तो असाच उथळ होता. तिला गावात राहायचं होतं, मला दुसऱ्या दिवशीच्या एसटीने जायचं होतं.

दुसरं अर्धं मात्र मी मान्य करत नाही. एखादी गोष्ट का घडते हे कळलं म्हणजे ती माफ झाली असं होत नाही. कारणं कळली की दोष कुठे आणि किती ठेवायचा ते कळतं, आंबेडकरांनी तो माणसांवरून शास्त्रांच्या अधिकारावर नेला तसा. पण 'हे चूक आहे' हे वाक्य कुणीतरी उच्चारावंच लागतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात, आकडेवारीत तयार मिळत नाही. दुर्खीमनेही ते द्रेफ्यूसच्या वेळी उच्चारलं. ते उच्चारायला त्याचं शास्त्र मदतीला आलं, पण शास्त्राने त्याला घरात बसायची मुभाही दिली असती.

त्या कपाचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. आमच्या घरी गॅस आला. गोवऱ्या लागेनाशा झाल्या, त्या बाई यायच्या थांबल्या आणि एके दिवशी कप वळचणीवरून गेला. समाजशास्त्राच्या मित्रांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते खूश होतात, म्हणतात, बघा, चूल बदलली आणि रूढी गेली. खरं आहे. पण त्या कपाबद्दल आमच्या घरात कुणीही, मीसुद्धा, त्या बाईंशी कधी एक शब्द बोललो नाही. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. आम्ही त्यांना गोवऱ्यावाल्या म्हणायचो. चूल बदलून हे काही भरून निघालं नाही, आणि याचा जाब मला कुणी विचारला तर 'पद्धतच होती ती' असं म्हणून मला सुटता येणार नाही.

वेळ झाली आहे. पुढच्या व्याख्यानात आपण ड्यूई यांच्याकडे जरा सविस्तर बघू. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, चिठ्ठी पाठवलीत तरी चालेल.